कार्डावर न मावलेला ब्लाउज

एका गावात एकाच भिंतीला पाठ लावून दोन शिलाई मशिनी चालायच्या. भिंतीच्या अलीकडे मालन, पलीकडे गिरिजा. दोघी एकाच शिवणक्लासात एकाच बाईंच्या हाताखाली शिकल्या, एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या आणि दोघींनीही ब्लाउज शिवायला घेतले. मधली भिंत इतकी पातळ होती, की पलीकडची मशीन थांबली तरी अलीकडे कळायचं.

पुष्कळ वर्षं दोघींचं चांगलं जमलं. जीव होताच एकमेकींवर, नाही कशाला म्हणायचं? पण खरं कारण असं, की दोघी सारख्याच वेंधळ्या होत्या. ‘मंगळवारी या’ म्हणून सांगितलेलं गिऱ्हाईक मंगळवारी आलं, की ब्लाउज अजून कापडातच असायचा. मग ‘शुक्रवारी नक्की’. शुक्रवारी बाह्या लावायच्या राहिलेल्या असायच्या. कुणाचा मापाचा ब्लाउज हरवायचा, कुणाच्या हिरव्या साडीला निळा फॉल लागायचा. बायका दोघींच्याही दारात उभ्या राहून भांडून जायच्या. संध्याकाळी मालन आणि गिरिजा ओट्यावर बसून चहा प्यायच्या आणि भांडून गेलेल्या बायकांना मनसोक्त नावं ठेवायच्या. दोघींनाही सारखीच बोलणी बसत असली की मैत्रीला कसलाच धोका नसतो.

मग एका उन्हाळ्यात गिरिजाची भाची चार दिवस राहायला आली. ती शहरात ऑफिसात कामाला होती. मावशीची तारांबळ तिनं दोन दिवस पाहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मावशी, एवढं सगळं डोक्यात कशाला गं ठेवतेस? डोकं आहे का गोणपाट?”

तिनं फोनमध्ये काहीतरी शोधलं, चौकातल्या झेरॉक्सवाल्या बबनला पाठवलं आणि जाड कागदावर छापून आणलं. एका कागदावर चार चौकटी. त्या कात्रीनं कापल्या की पोस्टकार्डापेक्षा जरा लहान अशी चार कार्डं व्हायची. कार्डावर वरती वार आणि तारीख लिहायला जागा, खाली पाच ओळी. बाकी काही नाही. फूल नाही, नक्षी नाही.

“रोज सकाळी एक कार्ड घ्यायचं,” भाची म्हणाली. “आज होतील तेवढीच कामं लिहायची. झालं की रेघ मारायची. ओळी भरल्या की नवीन काम त्या दिवशी घ्यायचं नाही. आणि पुढच्या दिवसांची कार्डं आधीच काढून ठेवायची, म्हणजे कुणाला कुठला वार द्यायचा ते कळतं.”

गिरिजाला हसू आलं. पण पोरीचं मन राखायचं म्हणून तिनं कार्ड कपड्याच्या चिमट्यानं मशिनीच्या दिव्याला लावलं. मालननं ते पाहिलं आणि पदरात तोंड लपवून हसली. “आता कागद शिवणार होय गं ब्लाउज?” असंही म्हणाली. पहिले काही दिवस गिरिजा कार्ड लिहायची आणि बघायचं विसरायची. मालनला तेव्हा फार बरं वाटलं. पी हळद नि हो गोरी, असं थोडंच असतं, असं ती जाता-येता ऐकवायची.

पण गिरिजा चिवट. हळूहळू तिला कार्डाची सवय लागली. पावसाळा सरता सरता अशी गोष्ट घडली, की गल्लीनं डोळे चोळले. मंगळवारी या म्हणून सांगितलेलं गिऱ्हाईक मंगळवारी आलं आणि ब्लाउज तयार होता. हुक लावलेले, इस्त्री केलेली, कागदात गुंडाळून वर नाव लिहिलेलं. पुढच्या मंगळवारीही तेच. मग बायका गिरिजाच्या दारातून हसत बाहेर पडायला लागल्या. दारात भांडणं फक्त एकाच घरासमोर व्हायची, आणि ते घर मालनचं होतं.

मालनच्या पोटात दुखायला लागलं. ओवा खाऊन थांबणारं हे दुखणं नव्हतं. भिंतीपलीकडं गिरिजाची मशीन एका लयीत चालायची आणि दिवेलागणीला बंद व्हायची. मग गिरिजा ओट्यावर निवांत बसून शेंगा फोडायची. मालन आत घामाघूम. चहाला बोलावलं तर “मला न्हाई बाई रिकामपण” म्हणायची. गिरिजाचं ते निवांत बसणं तिच्या डोळ्यात जितकं खुपलं, तितकी तिची गिऱ्हाइकं खुपली नाहीत. माझ्याइतकीच शिकलेली, माझ्याच बाईंकडे शिकलेली, काजं तर माझ्यापेक्षा वाकडी करणारी, आणि आता हिचं नाव सगळ्या गावात? मालनचा नवरा दिनकर जेवायला बसला की रोज हेच ऐकायचा. वाढणारे हात रागात असल्यामुळं त्याला आमटी जास्त मिळायची, म्हणून तो काही बोलायचा नाही.

मालननं मनाशी ठरवलं, की हे सगळं त्या कार्डांचं काम. हाताचं नाही, सवयीचं नाही, कार्डांचं. एकदा असं ठरलं की तिला चैन पडेना. एके दिवशी ती दोरा मागायच्या निमित्तानं पलीकडं गेली आणि कार्डाकडे टक लावून बघत बसली. गिरिजाच्या ते ध्यानात आलं.

“तुला पाहिजेत का? घेऊन जा की,” असं म्हणून तिनं कोऱ्या कार्डांची आख्खी चळत मालनच्या हातात ठेवली.

आता कुणीही म्हणेल, झालं, प्रश्न मिटला. पण मत्सराचं गणित वेगळं असतं. मालन ती चळत घेऊन घरी आली आणि उलटसुलट करून बघू लागली. इतक्या सहज दिली म्हणजे यात काहीतरी कमी असणार. चांगली स्वतःकडं ठेवली असतील आणि मला टाकाऊ दिली असतील. तिनं ती चळत कपाटावर फेकली आणि तडक बबनचं दुकान गाठलं.

“गिरिजाला दिलीस तसलीच दे. पण तिच्यापेक्षा मोठी. आणि रंगीत. आणि वर गणपती पाहिजे.”

“आणि ओळी किती?” बबननं विचारलं.

“तिच्या किती हायत?”

“पाच.”

“मग मला दहा कर. आणि असं कर, त्याला लॅमिनेशन कर. टिकली पाहिजेत.”

बबननं तिच्याकडं एकदा नीट बघितलं. पण गिऱ्हाइकाला शहाणं करणं हा त्याचा धंदा नव्हता. त्यानं गुलाबी कार्डं छापली, वर गणपती बसवला आणि चकचकीत लॅमिनेशन करून दिलं. मालन ती छातीशी धरून गिरिजाच्या दारावरूनच घरी आली, जवळचा रस्ता दुसरा असूनही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेन उचललं, तर पेन कार्डावर उमटेना. प्लास्टिकवरून नुसतं घसरायचं. मग लेकीचं, कार्तिकीचं, जुनं स्केचपेन शोधून काढलं. ते उमटलं. मालननं मोठ्या झोकात दहा ओळी भरल्या. दुपारपर्यंत तिच्याच तळव्याच्या घामानं त्यातल्या सात पुसल्या. एका ओळीत नुसतं ‘बाईंचा लाल’ एवढंच उरलं. गावात बाया शेकड्यानं आणि त्यातल्या निम्म्यांना लाल रंग आवडतो. संध्याकाळी मालननं जो लाल ब्लाउज तयार केला, तो नेमका त्या बाईचा होता जिला पुढच्या महिन्यात हवा होता.

ती पुन्हा बबनकडे गेली. या खेपेला लॅमिनेशन गेलं. गणपती आणि दहा ओळी राहिल्या.

इकडे गिरिजाच्या दारात एक नवीनच गोष्ट घडत होती. गिरिजा नाही म्हणायला शिकली होती. कुणी साडी घेऊन आलं, की ती कार्डं चाळायची. जागा असली तर वार सांगायची. नसली तर म्हणायची, “वहिनी, या आठवड्यात मला न्हाई जमणार. उगंच हो म्हणून तुमची फेरी कशाला वाया घालवू?” बायकांना आधी राग यायचा. पण तिनं दिलेला वार पाळला जातो हे माहीत असल्यामुळं त्या पुढच्या आठवड्यात परत यायच्या.

पण सगळ्याच थांबायला तयार नव्हत्या. काही जणी तोंड पाडून बाहेर पडायच्या आणि तिथं ओट्यावर मालन उभीच असायची.

“काय झालं गं? न्हाई म्हणाली व्हय? या की इकडं. माझ्या कार्डावर लई जागा हाय.”

हे म्हणताना तिला जो आनंद व्हायचा, त्याला तोड नव्हती. गिरिजाला जे जमत नाही ते मी करते. गिरिजानं सोडलेलं गिऱ्हाईक म्हणजे तिला गिरिजाकडून जिंकून आणल्यासारखं वाटायचं. त्यामुळं पलीकडून नकार घेऊन आलेल्या एकाही बाईला तिच्यानं नाही म्हणवेना. एक कार्ड भरलं की त्याच दिवसाचं दुसरं कार्ड. दुसरं भरलं की तिसरं. तिनं दारात दोरी बांधली आणि रस्त्यावरून दिसतील अशी सगळी गुलाबी कार्डं चिमट्यांनी टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थबकून बघायच्या. “अगं बाई, केवढं हे काम!” असं कुणी म्हटलं की मालनचा दिवस सुखात जायचा. शिवण मात्र तशीच पडून राहायची, कारण सकाळचा निम्मा वेळ कालची न झालेली कामं आजच्या कार्डावर उतरवण्यातच जायचा. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ना, ते तिच्या खोलीत शब्दशः दिसायला लागलं होतं.

दिनकर एकदाच बोलला. दोरीखालून वाकून आत येता येता म्हणाला, “कार्डं झकास झाल्यात गं. आता बायकांना तीच अंगात घालायला दे.” त्या दिवशी त्याला आमटी मिळाली नाही.

गिरिजाही एकदा बोलली. ओट्यावरून सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, “मालन, रागावू नगंस. पण कार्ड भरलं की थांबायचं असतं गं. त्याच्यासाठीच ते एवढंसं असतंय.”

मालननं मान वेळावली. घरात येऊन लेकीला म्हणाली, “बघितलंस? जळतीय माझ्यावर.”

कार्तिकीनं ऐकून घेतलं. ती शांत स्वभावाची होती, गावातल्या पतसंस्थेत कामाला जायची आणि तिचं नुकतंच लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. साखरपुड्याची साडी सासरकडून आधीच आली होती, डाळिंबी रंगाची, जरीच्या काठाची. सासूबाई स्वतः घेऊन आल्या होत्या. जाताना मालनचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “आई शिवणकाम करतात म्हटल्यावर ब्लाउज तुमच्याच हातचा हवा हं. आमच्याकडच्या बायकांना बघायचाय तुमचा हात.”

मालनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या जाताच तिनं साडीतलं ब्लाउजपीस कापून वेगळं काढलं आणि दुसऱ्या दिवसाच्या कार्डावर पहिल्या ओळीत, गणपतीच्या बरोबर खाली, लिहिलं: कार्तिकीचा ब्लाउज.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिजाच्या दारातून एक मास्तरीणबाई परत फिरल्या. त्यांचा ब्लाउज मालननं घेतला. कार्तिकीचा पुढच्या कार्डावर गेला. त्याच्या पुढच्या दिवशी सोनाराच्या घरच्या दोघी जावा आल्या. सोनाराच्या घरचं गिऱ्हाईक गिरिजाकडून आपल्याकडं येतंय म्हटल्यावर सोडायचं कसं? कार्तिकीचा आणखी पुढं गेला. असं रोज होऊ लागलं. रोज सकाळी मालन ती ओळ मोठ्या प्रेमानं नव्या कार्डावर लिहायची आणि रोज संध्याकाळी ती तशीच, रेघ न मारलेली असायची.

“आई, माझा ब्लाउज?” कार्तिकीनं विचारलं.

“अगं, तुझा काय, घरचाच हाय. करू की.”

“आई, साखरपुडा जवळ आला.”

“लिहिलाय की गं कार्डावर! बघ तरी. सगळ्यात वरती लिहिलाय.”

कार्तिकीनं बघितलं. दोरीवरच्या जवळजवळ प्रत्येक कार्डावर सगळ्यात वरती तिचं नाव होतं. त्या रात्री ती जेवली थोडं आणि उठली लवकर, आणि मालनला ते दिसलं नाही, कारण ती दुसऱ्या दिवसाचं कार्ड लिहीत होती.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दुपारी मालननं शेवटी मशीन पुसली, कात्री घेतली आणि ब्लाउजपीस काढायला कपाट उघडलं. पीस नव्हतं. तिनं खण उपसले, गाठोडी सोडली, चिंध्यांच्या पिशव्या पालथ्या केल्या. उद्या दारात मांडव, सासरची माणसं येणार, आणि पोरगी डाळिंबी साडीवर काय घालणार? आपण ते चुकून कुणाच्यातरी कपड्यांत बांधून दिलं असेल, या विचारानं ती दोरीवरची कार्डं एकेक उलटून बघायला लागली.

दिवेलागणीला कार्तिकी कामावरून आली. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं. तिनं ते आईच्या पुढ्यात ठेवलं.

“गिरिजामावशीनं शिवला,” ती म्हणाली. “मीच पीस नेऊन दिलं होतं.”

मालननं पुडकं सोडलं. आधी जीव भांड्यात पडला. तो फार वेळ तिथं राहिला नाही. तिनं ब्लाउज दिव्याखाली धरला आणि एक तरी टाका वाकडा निघावा म्हणून शोधू लागली. गळ्याच्या पायपिंगची पट्टी बघितली, हुकांची रांग बघितली, उलटा करून काखेतली शिवण बघितली. आत चांगली सढळ माया सोडलेली होती, पुढं उसवून मोठा करता यावा म्हणून. जरीचा काठ दोन्ही बाह्यांवर अगदी बरोबरीनं आला होता. चूक नव्हती. मालनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

“तिच्याकडंच जायचं होतं तुला? सगळं गाव सोडून तिच्याकडं?”

“तू कार्ड लिहीत होतीस आई.”

मालनला लाज वाटली. खरोखर वाटली. पण लाजेपेक्षा जळफळाट मोठा होता. उद्या सगळ्या बायका विचारणार, आणि सगळ्यांसमोर गिरिजाचं नाव निघणार, माझ्या मांडवात, माझ्या लेकीच्या अंगावरून. ती लेकीकडं न बघता म्हणाली, “कुणी विचारलं तर आईनं शिवला म्हणून सांग.”

कार्तिकीनं ब्लाउजची घडी घातली. मग म्हणाली, “बरं.”

साखरपुड्याच्या दिवशी मांडव माणसांनी भरला. डाळिंबी साडीत कार्तिकी अशी शोभली, की दिनकरला बघवेना आणि तो पाणी आणायच्या निमित्तानं मागच्या दारी जाऊन डोळे पुसून आला. कुंकू लागलं, अंगठ्या झाल्या, पेढे फिरले. गिरिजाही आली होती. बायकांच्या घोळक्यात जरा मागं बसली होती. मालननं आल्या आल्या तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं होतं. साडी नवी, मोरपंखी रंगाची, आणि त्याच्यावर ब्लाउज जुना, विटलेला, तपकिरी. बाही जराशी उसवलेली. मालनला आतून गुदगुल्या झाल्या. एवढी नावाजलेली शिवणारी, आणि स्वतःच्या अंगावर हे?

तेवढ्यात विहीणबाईंनी कार्तिकीला जवळ बसवून घेतलं. तिच्या बाहीवरून हात फिरवला, पाठीमागचा गळा बघितला आणि आपल्या जावांना दाखवला. “काय सुरेख बसलाय! कुणी शिवला गं?”

कार्तिकीनं आईकडं पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, “आईनं.”

“वाटलंच मला.” विहीणबाई मालनकडे वळल्या. सगळ्या बायका ऐकतील अशा आवाजात म्हणाल्या, “मालनताई, तुमच्या गावात कुणी गिरिजा म्हणून आहे म्हणे. फार नाव ऐकलं तिचं. पण खरं सांगू? ती काय असं शिवणार! तिच्यापेक्षा तुमचा हात कितीतरी सरस.”

हे वाक्य ऐकण्यासाठी मालन किती दिवस झुरली होती. भिंतीपलीकडची मशीन ऐकत, आमटी वाढत, दोरीवर कार्डं टांगत तिनं हेच वाक्य मनात ऐकलं होतं. आज ते भर मांडवात, पाहुण्यांच्या तोंडून, गिरिजाच्या समोर आलं. आणि तिच्या तोंडातला पेढा कडू झाला.

तिनं गिरिजाकडं पाहिलं. मान खाली घालून गिरिजानं पदर खांद्यावरून पुढं ओढला आणि उसवलेली बाही झाकली. मालन काही झालं तरी शिंपीण होती. नव्या साडीबरोबर नवं ब्लाउजपीस आलेलंच असतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ते कुठंतरी न शिवता पडलं असणार. गिरिजाच्या कार्डावर जागा नव्हती, हेही तिला ठाऊक होतं, कारण गेला महिनाभर त्या भरलेल्या कार्डांवरून परतलेल्या बायकांवरच तर ती जगत होती. मग कार्तिकीच्या ब्लाउजला जागा कुठून आली? गिरिजानं कुणाचं काम मागं टाकलं? दिलेला वार तर तिनं कुणाचाच मोडला नव्हता.

मालनला एकदम सगळं उमगलं. गिरिजानं स्वतःचा ब्लाउज खोडला होता.

विहीणबाई अजून कौतुकच करत होत्या. गप्प बसायचं म्हटलं तर काही अवघड नव्हतं. गिरिजा सांगणार नव्हती, कार्तिकी सांगणार नव्हती. आणि खरं बोलावं, तर साखरपुड्याच्या दिवशी नव्या पाहुण्यांपुढं आपलं खोटं उघडं करायचं, आणि ज्या बाईचं नाव ऐकून पोटात दुखतं तिचं नाव आपल्याच तोंडानं मोठं करायचं. पण समोर लेक बसली होती, आईसाठी खोटं बोलून मान खाली घातलेली.

“विहीणबाई,” मालन म्हणाली, “तो ब्लाउज माझा न्हाई. ही पलीकडं बसलीय ना, तीच गिरिजा. तिनं शिवलाय. पोरीला खोटं बोलायला मीच सांगितलं होतं.”

विहीणबाईंचा हात कार्तिकीच्या खांद्यावर होता तिथंच राहिला.

“आणि तुम्ही का नाही शिवला?” त्यांनी विचारलं.

मालनला सांगता आलं असतं, की काम फार होतं, हात दुखत होता, मशीन बिघडली होती. ती म्हणाली, “मी हिच्यावर जळत होते. हिनं सोडलेली गिऱ्हाइकं गोळा करण्यात माझे सगळे दिवस गेले. गावातल्या सगळ्या बायकांसाठी मला वेळ मिळाला आणि माझ्या लेकीसाठी मिळाला न्हाई.”

एवढं बोलून तिला रडू कोसळलं. कार्तिकी उठून आईजवळ आली आणि तिला धरून उभी राहिली. विहीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “असू द्या. बोललात ते बरं केलंत. आता लग्नाचे ब्लाउज तरी...” आणि त्या गिरिजाकडं वळल्या. “बाई, तुमचा हात खरंच चांगला आहे. कार्तिकीच्या लग्नाचे सगळे ब्लाउज तुम्हीच शिवा.”

मालननं डोळे मिटून घेतले. हे ऐकायला लागणार, हे तिला कळून चुकलं होतं. आपण ते कमावलंच आहे, असंही तिला वाटलं.

गिरिजा जागची उठली. विटलेला ब्लाउज आता तिनं झाकला नाही.

“मला न्हाई जमायचं,” ती म्हणाली. “माझी कार्डं भरल्यात. लग्नाचे तिची आई शिवंल.”

गिरिजानं आजवर पुष्कळ बायकांना नाही म्हटलं होतं. आपल्यासाठी म्हटलेलं नाही मात्र मालननं पहिल्यांदाच ऐकलं. ती गिरिजाजवळ गेली. तिनं गिरिजाच्या बाहीची उसवलेली शिवण बोटांनी जुळवून धरली आणि म्हणाली, “उद्या तुझं मोरपंखी पीस आणून दे. आधी ते.”

“आधी न्हाई,” गिरिजा म्हणाली. “आधी पोरीचे.”

तात्पर्य: शेजाऱ्याच्या हेव्यापोटी वाढवलेलं काम आपल्याच माणसांच्या वाट्याचा वेळ खातं. म्हणून दुसऱ्याची चांगली सवय खुशाल मागून घ्यावी, पण दिवस आपल्या घरच्या गरजेनं आखावा.